इंडियन ओशन: नर्मदाकाठचं गाणं रॉकच्या मंचावर नेणारा बँड, त्याचे अल्बम आणि लाइव्ह शो

बेस गिटारची धून सुरू होते, मागून तबला आणि ड्रम येतात, आणि गायक नर्मदामाईचं नाव घेतो. समोरचे हजारो श्रोते सोबत गाऊ लागतात. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडच्या कार्यक्रमात 'मा रेवा' हे गाणं सुरू झालं की बहुतेक वेळा असंच होतं. रेवा म्हणजे नर्मदा. हे गाणं बँडनेच रचलं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत आहे.

याच नर्मदेचा एक काठ आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. बँडच्या एका सदस्याने ही गाणी खोऱ्यात राहून ऐकली, त्या काळात अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. त्यामुळे भारतातल्या या नावाजलेल्या स्वतंत्र बँडची गोष्ट खान्देशच्या वाचकाला वाटते तितकी लांबची नाही.

हा बँड कसा उभा राहिला, त्याचे अल्बम कसे निघाले, लाइव्ह शोमध्ये नेमकं काय घडतं, पैसा कुठून येतो आणि लोकगीत मंचावर गेलं की त्यावर हक्क कोणाचा, हे सविस्तर पाहू.

थोडक्यात ओळख

स्थापना: १९९०, दिल्ली.
संस्थापक: सुस्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला व गायन).
आजचे सदस्य: राहुल राम (बेस गिटार व गायन), अमित किलम (ड्रम व गायन), हिमांशू जोशी (गायन), तुहीन चक्रवर्ती (तबला), निखिल राव (गिटार).
महत्त्वाचे अल्बम: 'इंडियन ओशन' (१९९३), 'डेझर्ट रेन' (१९९७), 'कंदीसा' (२०००), 'झिनी' (२००३), '१६/३३० खजूर रोड' (२०१०), 'तंदानू' (२०१४), 'तू है' (२०२३).
चित्रपट: 'ब्लॅक फ्रायडे', 'पीपली लाइव्ह', 'मसान'.

इंडी रॉक म्हणजे नेमकं काय?

'इंडी' हा 'इंडिपेंडंट' या शब्दाचा छोटा अवतार. त्याचा 'इंडिया'शी संबंध नाही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पैशावर आणि हुकमावर न चालता स्वतःच्या बळावर गाणी काढणारे कलाकार, असा त्याचा मूळ अर्थ.

या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा आहे. 'बझकॉक्स' नावाच्या बँडने उसनवारी करून चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच विकायला काढली. सुरुवातीला १००० प्रती छापल्या होत्या. त्या संपल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या. कंपनीच्या दारात उभं न राहताही रेकॉर्ड निघू शकते, हे त्यातून शेकडो तरुणांना कळलं. पुढे 'इंडी' हे गिटारवाल्या एका संगीतशैलीचंही नाव झालं, पण मूळ प्रश्न मालकीचा होता. गाणं कोणाचं आणि ते कधी, कसं बाहेर काढायचं हे कोण ठरवणार?

भारतात हा प्रश्न जास्त कठीण होता. इथे लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपटसंगीत. मुंबईचा 'रॉक मशीन' हा बँड १९८४ मध्ये सुरू झाला. त्याने १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' असं नाव घेतलं. दिल्लीचा 'परिक्रमा' हा बँड १९९१ पासून केवळ लाइव्ह कार्यक्रमांच्या जोरावर उभा राहिला. हे बँड इंग्रजीत गात होते. इंडियन ओशनने वेगळी वाट धरली. रॉकची वाद्यं घेतली, पण शब्द आणि चाली हिंदी, लोकगीतं आणि रागसंगीतातून घेतल्या.

बँड कसा जमला?

सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दिल्लीत एकत्र वाजवत होते. सुस्मित गिटारवर रागाच्या अंगाने जाणाऱ्या धून शोधत आणि असीम तबला वाजवता वाजवता गात. तबला वाजवणारा माणूसच मुख्य गायक, हे दृश्य रॉक बँडमध्ये दुर्मीळच. १९९० मध्ये या जोडीने बँडला औपचारिक रूप दिलं.

१९९१ मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट केली होती. १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम आले. किलम ड्रमसोबत गबगुबी हे बंगाली लोकवाद्यही वाजवतात. सुस्मित, असीम, राहुल आणि अमित हा चौघांचा संच पुढे पंधरा वर्षं टिकला. बँडची ओळख घडली ती याच काळात.

पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला. तेव्हा कॅसेटचा जमाना होता आणि कंपनीशिवाय कॅसेट दुकानात पोहोचणं जवळपास अशक्य होतं. अशा करारांची साधारण रीत अशी असे की ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करणार आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकीही कंपनीकडे राहणार. त्या मूळ ध्वनिमुद्रणाला 'मास्टर' म्हणतात. ज्याच्याकडे मास्टर, तो पुढे ते गाणं विकतो, भाड्याने देतो किंवा नुसतं पडून ठेवतो. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा अल्बम स्टुडिओत झालाच नाही. दिल्लीत दरवर्षी १ जानेवारीला रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ 'सहमत' या संस्थेचा कार्यक्रम होतो. १ जानेवारी १९९७ रोजी मंडी हाउस परिसरात बँडने जे वाजवलं, त्याचंच ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' नावाने बाहेर आलं. म्हणजे लाइव्ह शो हाच अल्बम झाला. बँडची कामाची पद्धतही अशीच होती. गाणं आधी मंचावर वाजवायचं, वर्षानुवर्षं वाजवत ते घोटायचं आणि मग कधीतरी ध्वनिमुद्रित करायचं.

नर्मदेच्या खोऱ्याशी नातं कसं जुळलं?

राहुल राम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते. बँडमधलं वाजवणं आणि खोऱ्यातलं काम, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

तो काळ खान्देशने जवळून पाहिला आहे. सरदार सरोवर धरण गुजरातमध्ये, पण त्याचं पाणी मागे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रापर्यंत पसरणार होतं. महाराष्ट्रातली बाधित गावं ३३, आणि ती सगळी सातपुड्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजेच धडगाव या तालुक्यांतली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. त्याआधी या गावांचं जिल्हा कचेरीचं काम धुळ्यालाच असे. मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूचं अगदी पहिल्यांदा पाण्याखाली जाणारं गाव. तिथली घरं १९९३ च्या पावसाळ्यात बुडाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात भारत सरकारने या प्रकल्पासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं होतं.

या खोऱ्यात गाण्याशिवाय काही होत नाही. होळीला सातपुड्यात रात्रभर ढोल वाजतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. लग्न, पेरणी, देवपूजा, प्रत्येकाची वेगळी गाणी. आंदोलन सुरू झाल्यावर सभा, मोर्चे आणि जीवनशाळांमध्येही गाणी आली. पावरी, भिलोरी, निमाडी, हिंदी आणि मराठी अशा सगळ्या भाषा त्यात मिसळल्या.

राहुल राम यांना 'मा रेवा' इथेच मिळालं. नर्मदेला आई मानून तिच्या वाहत्या पाण्याचं कौतुक करणारं हे गाणं परिक्रमावासी आणि काठावरचे लोक गात आले आहेत. बँडने त्याला ठसठशीत बेस, तबला आणि ड्रम यांचा आधार दिला, मधे वाद्यांसाठी मोकळी जागा ठेवली आणि समूहाने गाता येईल असा टेका कायम ठेवला. २००० साली आलेल्या 'कंदीसा' या अल्बममध्ये ते ध्वनिमुद्रित झालं.

त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे नेण्यास परवानगी देणारा निकाल दिला. धरण आज १३८.६८ मीटर उंच आहे आणि १७ सप्टेंबर २०१७ ला त्याचं लोकार्पण झालं. ज्या काठांवर हे गाणं गायलं जाई, त्यातले बरेच काठ आता जलाशयाखाली आहेत. गाणं मात्र पुण्या-मुंबईतल्या मुलांच्या मोबाइलमध्ये आहे. या गाण्यामुळे अनेकांना नर्मदेच्या खोऱ्याचं नाव पहिल्यांदा कळलं, हे खरं. आणि ज्यांच्या तोंडचं हे गाणं होतं, त्यांचं नाव कुठल्याच कॅसेटवर येऊ शकलं नाही, हेही तितकंच खरं. लोकगीताचा कर्ता सापडत नाही, ही या प्रकारातली जुनी अडचण आहे. त्यावर पुढे बोलू.

'कंदीसा' इतका महत्त्वाचा का?

या अल्बमने बँडला देशभर पोहोचवलं. त्यात सात रचना आहेत आणि त्यांचे स्रोत पाहिले तर आश्चर्य वाटतं. 'कंदीसा' हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चन परंपरेतलं, अरामी कुळातल्या प्राचीन भाषेतलं स्तोत्र आहे. 'हिल्ले ले' हे हिंदी-भोजपुरीतले कवी गोरख पांडे यांच्या शब्दांवरचं गाणं. 'मा रेवा' नर्मदेचं. 'खजुराहो' आणि 'लीव्हिंग होम' यांत वाद्यांना मोठी जागा आहे.

रॉक ऐकणाऱ्या तरुणाला यात ड्रम आणि गिटार सापडले, आणि लोकसंगीत ऐकणाऱ्याला ओळखीची चाल. 'फ्यूजन' हा शब्द तोवर बराच वापरून गुळगुळीत झाला होता. इथे मात्र वेगवेगळ्या परंपरांतून आलेली गाणी एकाच संचाने, त्याच चार-पाच वाद्यांवर, वर्षानुवर्षं मंचावर वाजवली होती, म्हणून ती एकजीव वाटली.

नंतर चित्रपट आले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे'साठी बँडने संगीत दिलं. खटला सुरू असल्यामुळे हा चित्रपट न्यायालयात अडकला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातलं 'बंदे' हे गाणं मात्र त्याआधीच लोकांच्या तोंडी होतं. शेतकऱ्याच्या आत्महत्येभोवती फिरणाऱ्या 'पीपली लाइव्ह' (२०१०) मधलं 'देस मेरा' आणि 'मसान' (२०१५) मधली गाणीही त्यांचीच.

लाइव्ह शोमध्ये नेमकं काय घडतं?

दोन तासांच्या कार्यक्रमामागे दिवसभराचं काम असतं. दुपारी 'साउंडचेक' होतो. एकेक वाद्य वेगळं वाजवून त्याचा आवाज तपासला जातो. कार्यक्रमात दोन वेगळे आवाज तयार करावे लागतात. एक समोरच्या श्रोत्यांसाठी मोठ्या स्पीकरमधून. दुसरा मंचावरच्या कलाकारांसाठी, त्यांच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून किंवा कानातल्या यंत्रातून. या दुसऱ्याला 'मॉनिटर' म्हणतात. गायकाला स्वतःचा सूर ऐकू आला नाही तर तो बेसूर होतो आणि तबलजीला बेस ऐकू आला नाही तर ठेका सुटतो. त्यामुळे कलाकारांच्या बऱ्याचशा तक्रारी या मॉनिटरबद्दल असतात. श्रोत्यांना त्याचा पत्ताही नसतो.

इंडियन ओशनसारख्या संचात आणखी एक पेच आहे. ड्रम अतिशय मोठ्याने वाजतो आणि तबला त्या मानाने हळू. तबल्याचा मायक्रोफोन जास्त संवेदनशील ठेवावा तर तो शेजारच्या ड्रमचा आवाजही ओढतो किंवा शिट्टी मारू लागतो. कमी ठेवावा तर तबल्याचे बोल हरवतात. म्हणून दोन्ही वाद्यांत अंतर ठेवणं, मायक्रोफोन तबल्याच्या पुडीजवळ नेणं आणि दोघांनी एकमेकांच्या जागा सोडून वाजवणं, हे सगळं जमवावं लागतं. यातली शेवटची गोष्ट यंत्राने होत नाही. ती सवयीने येते.

या बँडच्या कार्यक्रमात गाणी अल्बमइतक्याच लांबीची राहत नाहीत. पाच-सात मिनिटांचं गाणं मधल्या वादनामुळे बरंच लांबतं. कधी तबला आणि ड्रम यांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण होते, कधी श्रोत्यांकडून एखादी ओळ गाऊन घेतली जाते. राहुल राम गाण्यांच्या मधे मिश्किल गप्पा मारतात आणि गाणं कुठून आलं ते सांगतात. तमाशातली बतावणी किंवा कीर्तनातलं निरूपण माहीत असलेल्या आपल्या श्रोत्याला हा बाज परका वाटत नाही.

असीम गेले आणि गाणी फुकट वाटली

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती यांचं हृदयविकाराने निधन झालं. बँडचा आवाजच गेला. त्यांच्या आवाजातली काही गाणी तोवर ध्वनिमुद्रित झाली होती. ती '१६/३३० खजूर रोड' या अल्बममध्ये आहेत. हे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतला एक पत्ता. तिथल्या जुन्या घरात बँडने वर्षानुवर्षं सराव केला होता.

हा अल्बम काढताना बँडने धाडसी निर्णय घेतला. जुलै २०१० पासून दर महिन्याला एक गाणं आपल्या संकेतस्थळावरून मोफत डाउनलोडसाठी ठेवलं. कंपनी नाही, दुकान नाही, किंमतही नाही.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. कॅसेट आणि सीडीच्या किमतीतला मोठा वाटा दुकानदार, वितरक आणि कंपनीकडे जात असे. कलाकाराच्या हाती फारच थोडं उरे. त्यातच इंटरनेटवर गाणी चोरून उतरवणं सर्रास चालू होतं. म्हणजे गाणं असंही फुकट जाणारच होतं. मग ते आपणच द्यावं, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवावं आणि त्यातले काही लोक तिकीट काढून कार्यक्रमाला येतील यावर विसंबावं. त्याआधी ऑक्टोबर २००७ मध्ये इंग्लंडच्या 'रेडिओहेड' या बँडने 'हवी ती किंमत द्या' म्हणत अल्बम इंटरनेटवर ठेवला होता. इंडियन ओशन एक पाऊल पुढे गेला. आणि गाणी स्वतःच्या ताब्यात होती म्हणूनच त्यांना ती वाटता आली. मास्टर कंपनीकडे असता तर हा निर्णय त्यांच्या हातातच नसता.

नवा संच, नवा अल्बम

असीम यांच्या जागी एक माणूस पुरला नाही. हिमांशू जोशी गायला आले आणि तुहीन चक्रवर्ती तबल्यावर. २०१३ मध्ये संस्थापक सुस्मित सेनही बाहेर पडले. पुढे त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि स्वतःचं वेगळं संगीत सुरू ठेवलं. त्यांच्या जागी निखिल राव आले. दोन्ही संस्थापक नसताना बँड तोच म्हणायचा का, असा प्रश्न चाहत्यांनी विचारला. असा प्रश्न नाटक कंपन्यांपासून भजनी मंडळांपर्यंत सगळ्यांना कधीतरी भेटतोच.

बँडने त्याचं उत्तर कामातून दिलं. २०१४ च्या 'तंदानू'मध्ये बाहेरच्या नामवंत कलाकारांना सोबत घेतलं. त्यानंतर नऊ वर्षं नवा अल्बम आला नाही. कार्यक्रम मात्र चालू राहिले. २०२३ मध्ये 'तू है' आला. स्ट्रीमिंगच्या काळात बहुतेक कलाकार दर काही आठवड्यांनी एकेक सुटं गाणं काढतात, कारण अ‍ॅपवर सतत दिसत राहावं लागतं. अशा वेळी अख्खा अल्बम काढणं हा आग्रहच म्हणायचा. गाण्यांचा क्रम आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं ऐकणाऱ्याने अनुभवावं, असा तो आग्रह असतो. नव्या संचासाठी त्याचं आणखी एक महत्त्व आहे. असीम आणि सुस्मित यांच्या काळातली गाणी वाजवणारा संच, एवढीच त्यांची ओळख राहत नाही.

पैसा कुठून येतो?

स्वतंत्र बँडच्या कमाईच्या साधारण पाच वाटा असतात: कार्यक्रमाचं मानधन, स्ट्रीमिंग आणि यूट्यूबचं उत्पन्न, चित्रपट किंवा जाहिरातीचं काम, टी-शर्टसारख्या वस्तूंची विक्री, आणि रॉयल्टी. बहुतेकांसाठी यातला मोठा वाटा कार्यक्रमांचाच असतो. अल्बम हे त्या कार्यक्रमांचं आमंत्रण. पण मानधन म्हणजे निव्वळ नफा नव्हे. प्रवास, राहणं, साउंड इंजिनिअर, व्यवस्थापक आणि सरावाची जागा यांचा खर्च त्यातूनच जातो. उरलेलं पाच जणांत वाटायचं. शिवाय आजारपण आलं की कार्यक्रम थांबतो आणि पैसाही.

म्हणून रॉयल्टी महत्त्वाची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा राहतो आणि तो वाटा करारानेही सोडून देता येत नाही, असं त्यात ठरलं. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम १९६९ मध्ये स्थापन झालेली 'आयपीआरएस' ही संस्था करते. सभासद व्हावं लागतं आणि गाण्यांची नोंद करावी लागते. नोंद नसेल तर आपल्या नावाचे पैसे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

लोकगीताचा मालक कोण?

कायद्याच्या दृष्टीने शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, कर्ता अज्ञात असलेल्या गाण्यावर अशी मालकी कोणालाच सांगता येत नाही. ते गाणं कोणीही गाऊ शकतं. मात्र एखाद्याने त्याला नवा संगीतसाज चढवला आणि ध्वनिमुद्रित केलं, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. प्रकाशनापासून ६० वर्षं तो टिकतो.

म्हणजे 'मा रेवा' तुम्हीही गाऊ शकता, पण इंडियन ओशनचं ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय वापरू शकत नाही. कायदा एवढ्यावर थांबतो. गाणं जिथून आलं त्या लोकांचं देणं कसं फेडायचं, हे कायदा सांगत नाही. ते कलाकाराच्या नीतीवर राहतं. गाण्याचा उगम प्रत्येक वेळी सांगणं, हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. ज्या गावी गाणं शिकलो तिथे जाऊन ते पुन्हा गाणं आणि तिथल्या गायकांना मंचावर आणून त्यांचं नाव व मानधन देणं, हा मोठा भाग.

खान्देशाला यातून काय घेता येईल?

जळगाव-धुळ्यात रॉक बँडचे मोठे शो क्वचितच होतात. पण स्वतंत्र संगीत इथे जोरात आहे, फक्त आपण त्याला 'इंडी' म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते आणि त्यात बहुसंख्य अहिराणीभाषक. इतक्या छोट्या भाषेतली 'हाई झुमका वाली पोर'सारखी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली. मुंबईच्या बड्या कंपनीच्या मदतीशिवाय, स्थानिक कलाकार, स्थानिक कॅमेरा आणि स्वतःचं चॅनेल यांच्या जोरावर हे घडलं. बझकॉक्सने १९७७ मध्ये जे केलं, तेच हे.

अडचणीही त्याच आहेत. गाणं गाजतं, पण गीतकाराला एकदाच ठरावीक रक्कम मिळते. चॅनेल एकाचं, आवाज दुसऱ्याचा, चाल तिसऱ्याची, आणि कागद कोणाकडेच नाही. इथल्या नव्या बँडने किंवा गायकाने निदान एवढं करावं:

१. गाणं प्रसिद्ध करण्याआधी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांत कोणाचा किती टक्के वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्री आहे तेव्हाच हे सोपं असतं.
२. गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं नोंदवावं.
३. लोकगीत वापरलं असेल तर 'पारंपरिक' एवढंच न लिहिता ते कोणत्या भागातलं आणि कोणाकडून ऐकलं, तेही लिहावं.
४. दुसऱ्यांची गाणी तिकिटाच्या कार्यक्रमात वाजवायची असतील तर परवाना घ्यावा. लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभ यांना कायद्याने सूट दिली आहे.
५. खुल्या जागेत ध्वनिक्षेपकाला रात्री १० पर्यंतच मुभा असते. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. कार्यक्रमाची वेळ ठरवताना साउंडचेकला होणारा उशीर धरूनच हिशेब करावा.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 'कंदीसा' हा अल्बम सलग ऐकावा. लाइव्हची गंमत हवी असेल तर 'डेझर्ट रेन'. असीम चक्रवर्तींचा शेवटचा आवाज '१६/३३० खजूर रोड'मध्ये आहे. बँडचा पूर्ण प्रवास पाहायचा असेल तर जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम' हा माहितीपट आहे. त्यात बँडचे सदस्य स्वतः बोलतात आणि गाणी पूर्ण वाजतात. आजचा बँड कसा आहे हे 'तू है'मधून कळेल.

आणि 'मा रेवा' ऐकाल तेव्हा नकाशा उघडून धडगावच्या उत्तरेला नर्मदेची रेघ पाहा. जळगावहून ती एका दिवसाच्या प्रवासावर आहे. होळीच्या सुमारास तिकडे गेलात तर मायक्रोफोनशिवाय रात्रभर चालणारी गाणी आजही ऐकायला मिळतात.